शून्य रुंदीचं पान

तार्तूत फेब्रुवारी. नदी दगड झालेली.
तिसऱ्या मजल्यावर विर्वे फळ्यावर झाड काढते,
मूळ वर, पानं खाली,
जसं या धंद्यात सगळेच काढतात
आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

सगळ्यात वर एक अमूर्त वर्ग: नुसती 'गाठ'.
तिचं स्वतःचं काहीच नाही,
तिला कधी कुणी जन्माला घालणार नाही,
पण तिच्याशिवाय खालच्या कुणाला आडनाव नाही.
खाली तिची लेकरं: विधान, अट, बेरीज, फेरा.
प्रत्येकाला आपली मुलं ठाऊक.
आईबाप ठाऊक असावेत का, यावर
विर्वे आणि इंद्रेक तीन दिवस भांडले.
पोराला बाप माहीत हवा, इंद्रेक म्हणाला,
नाहीतर वर चढायचं कसं?
बाप माहीत असला की पोर सुटत नाही, विर्वे म्हणाली,
तीच 'क अधिक एक' मग दुसऱ्या झाडावर टांगता येत नाही.
ती जिंकली. इंद्रेकने कॉफी पाजली, नाक फुगवून.

वाचायचा होता तो जुना प्रोग्राम,
अर्ध्या गावाला गरम पाणी पोचवणारा.
काउपोने लिहिलेला, एकट्याने, एकवीस हिवाळे.
आता काउपो नाही.
त्याचा कप आहे, त्यात पेनं.

झाड नीट उभं राहिलं. कंस जुळले,
गुणाकार बेरजेच्या आधी बसला, मानाने.
मग विर्वे झाडाला म्हणाली: आता स्वतःला लिहून दाखव.
झाडाने लिहिलं, शहाण्या मुलासारखं,
सारखे समास, सारखी अंतरं,
आणि काउपो गायब.

कारण टिप्पणी नात्यातली ना गोत्यातली.
व्याकरणाला तिचं सोयरसुतक नाही,
यंत्र तिच्यावरून डोळे मिटून जातं.
'इथे हात लावू नका. तेरा नंबरचा व्हॉल्व्ह खोटं बोलतो.'
'हे का चालतं मला माहीत नाही. चालू दे.'
सगळं गाळात.

टिप्पणीला वेगळा वर्ग देऊ, इंद्रेक म्हणाला.
देऊ, पण बसवायची कुठे?
अटीच्या पोटात? बेरजेच्या दोन आकड्यांमध्ये,
न बोलावलेल्या पाहुण्यासारखी?
फळा पुसला, पुन्हा भरला, पुन्हा पुसला.
शेवटी ठरलं: ज्या शब्दाच्या आधी ती आली, त्याच्याच पाठीवर.
मोकळ्या जागा, कोऱ्या ओळी, शिव्या,
आधी जे सांडलं असेल ते पानानेच वाहायचं.
वरच्या गाठींना खबरही नको.

चाचणी साधी: आत गेलं तेच बाहेर यावं,
अक्षर न् अक्षर.
चार हजार एकशे सहा ओळी जुळल्या.
शेवटची नाही.

शेवटच्या कंसानंतर, सगळं मिटल्यावर,
काउपोने एक ओळ सोडली होती:
'पहाटेचे पावणेचार. शाळेपर्यंत पाणी पोचलं. निघतो.'
तिच्यापुढे शब्दच नाही.
द्यायची कुणाच्या पाठीवर?

विर्वे बराच वेळ खिडकीशी.
खाली रस्त्यात, नळांच्या झाकणापुरतंच
बर्फ वितळलेलं,
त्या गोल काळ्या जागेवर एक मांजर, पाय दुमडून.

मग तिने एक वर्ग लिहिला. सात ओळींचा.
'समाप्ती'. पान आहे, पण त्यात अक्षर नाही.
रुंदी शून्य. अर्थ शून्य.
त्याला मुलं होणार नाहीत.
त्याने फक्त सगळ्यांच्या नंतर उभं राहायचं
आणि आधी कुणी बोलून गेलं असेल ते धरायचं.

एका ओळीसाठी अख्खा वर्ग? इंद्रेकने विचारलं.
हो, ती म्हणाली.

चाचणी पुन्हा. हिरवी.
'निघतो'नंतर काउपोने एक मोकळी जागा सोडलेली,
अंगठा घसरला असेल,
किंवा अजून काही लिहायचं असेल.
तीही आली.